बारा डबे आणि एक भक्कम रजिस्टर

तीर्थस्वरूप मामांच्या दोन्ही चरणी (दुखऱ्या गुडघ्याच्या बाजूच्या चरणी जरा हलकेच) भाचीचा साष्टांग नमस्कार. विनंती विशेष. यातलं विशेष म्हणजे इकडे सगळं ठीक आहे, आणि विनंती तर काहीच नाही. पत्राची रीत म्हणून तसं लिहायचं असतं, म्हणून लिहिलं. कधीतरी काही न मागताही मामाला पत्र लिहावं असं आज सकाळी मनात आलं, आणि आलं तशी लगेच लिहायला बसले.

तुमचं प्रेमाचं पत्र मिळालं. वाचून फार आनंद झाला. पुन्हापुन्हा वाचलं, आता जवळजवळ तोंडपाठच झालंय म्हणा ना. उत्तराला थोडा उशीर झाला (आठ महिने हे मोजायला गेलं तर जास्त वाटतात, पण मी त्या काळात दुसरंच काही मोजत होते, ते पुढे येईलच). तुमची तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? मोतीबिंदूचं ठरलं का? मामींचा खोकला गेला का, की अजून तुमच्या बोलण्यात मध्येमध्ये ठसका देण्यापुरता ठेवलाय? आणि तुमच्या कामाच्या टेबलाची तब्येत कशी आहे? त्याचा तिसरा खण अजून अडकतो का? अडकत असला तर फारच छान. म्हणजे छान अशासाठी की अडकलेला खण कोणी उगाच उचकत नाही, आतल्या वस्तू जिथल्या तिथे राहतात. मामींनी इतक्यात घरात आवराआवर तर काढली नाही ना? त्यांना म्हणावं, या वयात एवढी दगदग बरी नव्हे. जे जिथे आहे ते तिथे राहू दे, विशेषतः कागद. मी आपलं सहज विचारते आहे.

तुम्ही विचारलेलं नाही, तरी माझ्या कामाबद्दल थोडं सांगते. मी नक्की काय काम करते हे आपल्या घरात कोणालाच माहीत नाही. आईला वाटतं मी मत्स्यालयात असते आणि माशांना खायला घालते. थोरली वहिनी पाहुण्यांना सांगते की ही समुद्राचं पाणी तपासते, त्यावर पाहुणे म्हणतात, खारट असतं ना, आणि माझ्या पंधरा वर्षांच्या शिक्षणाचा विषय तिथेच संपतो. तेव्हा निदान तुम्हाला तरी नीट सांगावं, म्हणजे घराण्यात एक साक्षीदार राहील.

तर मामा, समुद्रात एक शेवाळ असतं. शेवाळ म्हटलं की तुम्हाला हौदाच्या कडेचं हिरवं, पाय घसरवणारं प्रकरण आठवेल. ते नव्हे. हे एकेकटं तरंगतं, एका पेशीचं असतं, आणि इतकं बारीक की तुमच्या वह्या-पुस्तकं बांधायच्या दाभणाच्या टोकावर शे-दीडशे जण पाय पसरून बसतील (पाय नसतात, बोलायची पद्धत). त्याची एक खोड आहे. ते स्वतःच चुनखडीच्या गोल चकत्या बनवतं आणि अंगावर पांघरून घेतं. कडेला कड, एकावर एक, शिलाई नाही, खळ नाही, तरी सुटत नाही. तुम्ही पाहिलंत तर बांधणीत खोट काढायला जागा नाही असं कबूल कराल, जे तुम्ही आजवर दुसऱ्या कोणत्याच बांधणाऱ्याबद्दल केलेलं नाही. फळ्यावर लिहायचा खडू ज्या खडकातून निघायचा, तो खडक म्हणजे अशाच कोट्यवधी जुन्या चकत्यांचा थर. म्हणजे शाळेत मास्तरांनी माझ्या पाठीत जो खडू फेकून मारला, तो मला पुढच्या नोकरीची सूचना देत होता असं आता वाटतं.

आता मुख्य गोष्ट. आपण गाड्यांमधून, कारखान्यांमधून, चुलींमधून जो कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, त्यातला पावएक हिस्सा समुद्र तक्रार न करता पिऊन टाकतो. हे शेवाळ उन्हात बसून तो खातं. मेलं की चकत्यांच्या वजनाने खाली जायला लागतं, आणि खाल्लेला कार्बनही बरोबर नेतं. बराचसा वाटेतच कोणीतरी गट्टम करतं, पण थोडा तळाशी पोचतो आणि तिथे हजारो वर्षं पडून राहतो. आपण केलेला पसारा न सांगता आवरणारं जगात कोणी असेल तर हे. पण (आमच्या धंद्यात ‘पण’ आल्याशिवाय पगार सुरू होत नाही) त्या चकत्या बनवताना हेच शेवाळ थोडा कार्बन डायऑक्साइड परत पाण्यात सोडतं. म्हणजे एका हाताने केर काढायचा आणि दुसऱ्या हाताने शेंगांची टरफलं टाकायची. मामींना हे वाचून दाखवाल तर त्या म्हणतील की असा एक प्राणी त्यांच्या घरात गेली बेचाळीस वर्षं आहे, त्यासाठी समुद्रात जायला नको.

आणि दुसरा ‘पण’ असा, की हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की समुद्राचं पाणी किंचित आंबटाकडे झुकतं, आणि आंबटात चुन्याचं काही खरं नसतं. मग उद्याच्या समुद्रात हे चकत्या बनवणार का? जाड बनवणार का पातळ? पातळ झाल्या तर बुडणार कसं? आणि ते नीट बुडलं नाही तर आपला पसारा आवरणार कोण? एवढा एकच प्रश्न आहे. त्याच्यासाठी आम्ही दोन वर्षं बारा बाटल्या सांभाळल्या. सहा बाटल्यांत आजच्यासारखी हवा सोडायची, सहांत उद्याची, म्हणजे तुमच्या पणतवंडांच्या वाट्याला येईल तशी. दर चौथ्या दिवशी प्रत्येक बाटलीतले चार थेंब नव्या पाण्याच्या नव्या बाटलीत घालायचे. शेवाळाला रविवार कळत नाही. दोन वर्षांत एकही चौथा दिवस चुकला नाही. मामेभावाचं, म्हणजे तुमच्याच मुलाचं लग्न चुकलं. आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला मी पोचले तेव्हा तिची पट्टी सुटली होती, आणि तिने नव्या डोळ्यांनी मला पहिल्यांदा पाहून विचारलं, तू कोण? (चेष्टा करत होती. बहुधा.)

दोन वर्षं संपल्यावर प्रत्येक बाटलीतलं शेवाळ काचांवर घेतलं, दर बाटलीच्या पन्नास काचा, असे बारा डबे झाले. आता मायक्रोस्कोपखाली एकेक काच बघून चकत्या मोजायच्या, आणि कोणती भरलेली, कोणती पातळ, कोणती मोडकी ते लिहायचं. हे काम माझ्याकडे आलं. इथे आमच्या मॅडमबद्दल सांगायला हवं. त्या आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. कोणावरही विश्वास ठेवत नाहीत, आणि सुरुवात स्वतःपासून करतात. तरुणपणी त्यांनी असेच डबे मोजले होते. कोणत्या डब्यात कोणती हवा ते त्यांना माहीत होतं. उद्याच्या हवेतल्या चकत्या त्यांना अगदी पापडासारख्या पातळ दिसल्या. निबंध छापून आला, टाळ्या पडल्या. मग एका सुट्टीत त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी डब्यांवरची नावं झाकून पुन्हा मोजणी केली, आणि अर्धा फरक नाहीसा झाला. चकत्या त्याच, डोळे तेच. मॅडमनी स्वतःच पत्र लिहून तो निबंध मागे घेतला आणि तेव्हापासून नियम केला: मोजणाऱ्याला कोणता डबा कशाचा ते कळता कामा नये. डब्यांना नुसते आकडे द्यायचे. कोणता आकडा कोणत्या हवेचा, ती यादी म्हणजे किल्ली. ती एकाच कागदावर पेन्सिलीने लिहायची (पाणी सांडलं तर शाई पळते, पेन्सिल पळत नाही), कॉम्प्युटरवर ठेवायची नाही, नक्कल काढायची नाही, कारण नक्कल असली की मान आपोआप तिकडे वळते. पाकीट बंद करून प्रयोगशाळेबाहेरच्या एखाद्या भल्या माणसाकडे द्यायचं, ज्याला शेवाळात काडीचाही रस नाही.

डब्यांना आकडे देऊन किल्ली लिहिण्याचं काम आमच्या एका सहकाऱ्याने केलं. त्याला आम्ही बहुतेकराव म्हणतो, कारण त्याचं कोणतंही वाक्य त्या शब्दाशिवाय पुरं होत नाही. पाकीट चिकटवून झाल्यावर त्याने नोकरी सोडली आणि आता तो लहान मुलांना पोहायला शिकवतो. (मुलं तरंगतात ना, असं विचारलं तर काय म्हणतो, ते तुम्ही ओळखलं असेलच.) पाकीट मी एका अत्यंत सज्जन, भरवशाच्या आणि कागदाला जिवापाड जपणाऱ्या गृहस्थांकडे ठेवायला दिलं. त्यामुळे त्या बाबतीत मी अगदी निर्धास्त आहे.

मोजणीला आठ महिने लागले. सहाशे काचा. सुरुवातीला मायक्रोस्कोप डुगडुगायचा, त्याचा एक पाय आखूड आहे. व्हरांड्यात कोणी दार आपटलं की माझ्या नजरेखालचा सगळा समाज थरथरायचा आणि मोजलेलं परत मोजावं लागायचं. सुदैवाने पायाखाली घालायला नेमक्या जाडीचा घडी केलेला एक कागद हाताशी आला, तेव्हापासून यंत्र जागचं हललं नाही. पण डोळ्यांना जी सवय लागली ती लागलीच. बसमध्ये पुढच्या माणसाच्या शर्टावरचे ठिपके मोजते. दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडं ठेवून पडले असताना त्याच्या कोटाची बटणं मोजली. पाच भरलेली, एक मोडकं. ते मोडकं लिहून ठेवायला रकाना नव्हता, म्हणून सबंध दिवस चैन पडलं नाही.

आणि मामा, ते रजिस्टर! तुम्ही बांधून पाठवलेलं ते रजिस्टर म्हणजे आमच्या खोलीतली एकमेव भरवशाची वस्तू. कोणत्याही पानावर उघडा, सपाट पडून राहतं, हात ठेवावा लागत नाही. मध्यंतरी समुद्राच्या पाण्याचा एक कॅन टेबलावर उलटला. त्यात दोन कीबोर्ड आणि मॅडमचं दुपारचं जेवण वाहून गेलं, रजिस्टर पुसून पुन्हा कामाला लागलं. मॅडमनी त्याची पाठ बोटाने ठोकून पाहिली आणि आत घातलंय तरी काय असं विचारलं. मी म्हटलं, ते मामांचं गुपित आहे, ते कोणाला सांगत नाहीत.

आता पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला समिती येणार आहे. पाच माणसं, चार पाण्याच्या बाटल्या आणि एक प्रश्न: तीन वर्षांत केलंत काय? निकाल दाखवला तर आमची खोली राहील, शेवाळ राहील आणि मीही राहीन. नाही दाखवला तर खोली आमच्या कचेरीतल्या साहेबांना मिळेल. त्यांना मोडक्या खुर्च्या ठेवायला जागा हवी आहे. त्यांनी आत्तापासूनच चार खुर्च्या आमच्या दाराशी आणून ठेवल्यात, नुसत्या सवयीला म्हणून. पण काळजीचं कारण नाही. मोजणी पुरी झाली आहे, आकडे रजिस्टरमध्ये आहेत. किल्लीचा कागद शेजारी ठेवला की झाला निकाल. तेव्हा इकडचं सर्व क्षेम आहे. मामींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमची आज्ञाधारक भाची

ता. क. तर ते सज्जन, भरवशाचे गृहस्थ म्हणजे तुम्ही. हे तुमच्या केव्हाच लक्षात आलं असेल, तरी लिहून ठेवलेलं बरं. दहा महिन्यांपूर्वी मी आले होते तेव्हा निघताना तुमच्या हातात एक खाकी पाकीट दिलं होतं, दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावलेलं. मी चपला घालत होते, रिक्षा दारात उभी होती, तुम्ही माझ्यासाठी पेरू धुऊन आणत होता. मला आठवतंय त्याप्रमाणे मी ‘हे सांभाळून ठेवा’ असं स्पष्ट म्हटलं होतं, आणि त्याच दमात ‘मला एक रजिस्टर बांधून द्या, पाठ भक्कम हवी’ असंही म्हटलं होतं. कदाचित आधी रजिस्टरचं म्हटलं असेन. पाकीट तुम्ही तिसऱ्या खणात ठेवलं असणार, तुमच्या चांगल्या वस्तू तिथेच असतात. तेवढं न उघडता रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा. हीच ती विनंती. बहुतेकरावांना फोन करून पाहिला होता. ते म्हणाले, सातव्या डब्यात बहुतेक उद्याची हवा असावी. मग म्हणाले, का आठव्या?

ता. क. दुसरा (दुपारी, जेवणानंतर). मामा, पत्र पाकिटात घातलं आणि लक्षात आलं की तुमचा नवा पिनकोड मला माहीत नाही. तो तुमच्या पत्रावर असणार, आणि तुमचं पत्र कुठे आहे ते मला पक्कं ठाऊक होतं. ते मायक्रोस्कोपच्या आखूड पायाखाली आहे. (वर ‘हाताशी आलेला एक कागद’ असं लिहिलं आहे, तो तोच.) यंत्र उचलून ते काढलं, उलगडलं, आणि उलटी बाजू वर आली. तिच्यावर पेन्सिलीने, बहुतेकरावांच्या तिरक्या अक्षरात लिहिलेलं होतं: डबा एक, आजची हवा. डबा दोन, उद्याची. असं सहापर्यंत. सहाच्या खाली कागद कापलेला होता, तुम्ही कापता तसा, एका रेषेत, एक धागा इकडेतिकडे नाही.

मी खुर्चीवर बसले. (दाराशी होत्या त्यांपैकी एकीवर. मोडकी आहे हे विसरले होते. आता कंबर दुखते आहे, पण ते असो.) मोजणी जवळजवळ संपली होती, म्हणून बघण्यात पाप नव्हतं. नवव्या डब्यातल्या दोन काचा राहिल्या होत्या, पण नववा या अर्ध्यात नाही. पहिल्या डब्याचा आकडा तेवढा ताडून पाहिला. ज्या डब्यातल्या चकत्या सगळ्यांत पातळ होत्या, जो उद्याच्याच हवेचा आहे असं मी महिनोन् महिने मनाशी घोकत होते, तो डबा आजच्या हवेचा निघाला. मॅडमचा नियम किती बरोबर आहे ते मला तेव्हा, त्या मोडक्या खुर्चीतून घसरताना कळलं. उरलेल्या सहा डब्यांचं काय ते मात्र ठाऊक नाही, आणि अर्ध्या किल्लीने निकाल लागत नाही.

ता. क. तिसरा. आता खरं सांगते. पहिल्या परिच्छेदापासून मी खोटं लिहीत आले आहे. तुमचं पत्र मी वाचलंच नव्हतं. रजिस्टरचं पार्सल आलं तेव्हा पत्र वरच होतं. ‘रजिस्टर पाठवतो आहे’ एवढं वाचलं, म्हटलं बाकीचं सवडीने बघू, आणि जाडी बरोबर आहे असं दिसल्यावर पायाखाली सरकवलं. आठ महिने मी रोज त्याच्यावर यंत्र ठेवून काम केलं. आज मागची बाजू आधी वाचली, पुढची नंतर. तुम्ही काय लिहिलं होतं ते तुम्हाला आठवत नसेल, म्हणून उतरवून काढते:

‘रजिस्टर पाठवतो आहे. तू दिलेला कागद पाठीत घातला. पाकीट इतकं चिकटवून कशाला दिलंस, उघडताना एक ब्लेड गेलं. कागद मात्र चांगला निवडलास, मोडत नाही, नुसता वळतो, पाठीला असाच लागतो. अर्धा पुरला. मागे काहीतरी हिशेब होता, तो तुम्हा लोकांकडे असतोच. उरलेला अर्धा टाकवेना, त्यावर हे लिहितो आहे. हे माझं शेवटचं काम समज. हात थरथरतो, दाभण भलतीकडे जातं. तुझ्या रजिस्टरचे दोन टाके उसवून परत घालावे लागले. ते तुला दिसतील, दुसऱ्या कोणाला दिसायचे नाहीत. तुझं ते शेवाळ समुद्रात करतं काय, ते तू मागे सांगितलंस, पण तू निघायच्या घाईत होतीस आणि मला आता नीट ऐकू येत नाही. सवडीने लिहून कळव. किंवा येऊन सांग. येऊन सांगितलंस तर बरं.’

मामा, वर मी ‘तुम्ही विचारलेलं नाही’ असं लिहिलं आहे. तुम्ही विचारलं होतंत. आणि चूक तुमची काडीइतकी नाही. रजिस्टरच्या मागणीबरोबर गिऱ्हाइकाने जाड कागद हातात दिला तर बांधणारा तो रजिस्टरलाच लावणार. तुमच्याकडे जन्मभर लोक असेच आपापले कागद घेऊन आले. मी एका पायात चप्पल घालून तुमच्याशी बोलले, म्हणून हे झालं. म्हणजे आठ महिने अर्धं उत्तर माझ्या मायक्रोस्कोपखाली होतं, अर्धं रजिस्टरच्या पाठीत होतं, आणि मी दोघांच्या मध्ये बसून प्रश्न लिहीत होते. मला फार लाज वाटते आहे. निकालाची नव्हे. पत्राची.

ते दोन टाके मी शोधले. चौथ्या डब्याच्या पानांपाशी आहेत, एक जरा खाली उतरलाय. आठ महिने ती पानं मी रोज उलटत होते. सबंध जगातल्या बारीकसारीक चकत्या मोजल्या, आणि हे दोन टाके मला दिसले नाहीत.

ता. क. चौथा (संध्याकाळी, कचेरी सुटताना). मॅडमना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं रागावतील. त्यांनी रजिस्टर हातात घेतलं, पाठ पुन्हा एकदा ठोकली, आणि इतक्या हसल्या की कचेरीतले साहेब पाचवी खुर्ची घेऊन डोकावून गेले. मग त्यांनी खणातून शेवाळाचं काम करायची धारदार सुरी काढली आणि माझ्याकडे पाहिलं. पाठीवर एक चीर, दोन मिनिटांचं काम. समिती दहा तारखेला आहे आणि मला माझी नोकरी प्रिय आहे, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. पण मी रजिस्टर त्यांच्या हातातून ओढून घेतलं. (मॅडमच्या हातातून आजवर कोणी काही ओढलेलं नाही, त्याचे परिणाम यथावकाश दिसतील.) म्हटलं, याला सुरी लागणार नाही. खळ ओली केली आणि धीर धरला की कागद अख्खा सुटतो, पेन्सिलही जात नाही, हे मला तुम्हीच शिकवलं होतं, मी सात वर्षांची असताना, जुन्या पुस्तकांच्या पाठी सोडवताना. मॅडमनी सुरी परत खणात ठेवली. मग म्हणाल्या, नियमाला धरूनच होईल, मोजणारीने किल्ली उघडायची नसते, ज्याच्याकडे ठेवली त्यानेच उघडायची.

तेव्हा शनिवारच्या पहिल्या गाडीने मी येते आहे. रजिस्टर बरोबर आणते. तुम्ही पाठ सोडवा. हात थरथरला तर मी धरीन, आणि माझा थरथरला (थरथरणार आहे) तर तुम्ही धरा. मग ते परत तसंच बांधायचं, टाके मी घालीन आणि तुम्ही खोट काढा, म्हणजे हे काही तुमचं शेवटचं काम ठरत नाही. चौथा दिवस आता कोणाचा नाही, बाटल्या रिकाम्या झाल्यात, त्यामुळे मी मंगळवारपर्यंत राहणार आहे. शेवाळाचं सगळं पहिल्यापासून सांगते, तुमच्या उजव्या कानाशी बसून, चपला काढून.

हे पत्र पोस्टात टाकत नाही, शनिवारी हातातच देते. पिनकोड अजून सापडलेला नाही, तुम्ही तो पत्रावर लिहिलेलाच नाही. आणि एक, मामा, सगळं पत्र मी कागदाच्या एकाच बाजूला लिहिलं आहे. मागची बाजू कोरी ठेवली आहे, तुमच्यासाठी.